वैद्यकीय निकडीचे निर्धारण

वैद्यकीय निकडीचे निर्धारण : अपघात, प्रसूती, विषबाधा, सर्पदंश किंवा अकस्मात उद्भवलेला आजार यांसाठी मदतीची हाक आली असता, रुग्ण डोळ्यांसमोर नसताना केवळ हाक देणाऱ्याच्या सांगण्यावरून त्याच्या अवस्थेचा अंदाज घेणे, कोणाकडे प्रथम धावावयाचे, कोणते वाहन पाठवावयाचे व ते पोहोचेपर्यंत जवळच्या माणसांनी काय करावयाचे हे ठरविणे, या क्रियेस वैद्यकीय निकडीचे निर्धारण असे म्हणतात. रुग्णवाहिका व डॉक्टर यांची संख्या हाकांच्या मानाने नेहमीच अपुरी असते. त्यामुळे एकास आधी मदत देणे म्हणजे दुसऱ्यास थांबविणे होय. या निर्णयात दोन प्रकारच्या चुका संभवतात. किरकोळ दुखणे गंभीर समजले गेले, तर वाहन अडकून पडते व त्याच वेळी हाक देणारा खरा अत्यवस्थ रुग्ण ताटकळतो. गंभीर दुखणे किरकोळ समजले गेले, तर त्या रुग्णाचेच प्राण धोक्यात येतात. पहिली चूक सहसा नजरेस येत नाही, दुसरी मात्र लपत नाही. म्हणून बहुतेक पद्धती पहिल्या चुकीकडे झुकलेल्या आढळतात.

महाराष्ट्रात या विषयाचा इतिहास पाहू गेल्यास अहमदनगर जिल्हा विशेष लक्षणीय ठरतो (२०२४ मध्ये या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर असे करण्यात आले). या जिल्ह्यात निकड ठरविण्याच्या दोन भिन्न व्यवस्था एकापाठोपाठ उभ्या राहिल्या. १९७० नंतर जामखेड तालुक्यात हा निर्णय रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्या गावातील स्त्रीकडे सोपविण्यात आला. २०१४ पासून १०८ क्रमांकाच्या सेवेने तो पुण्यातील नियंत्रण कक्षाकडे नेला. पहिल्या व्यवस्थेत दूरध्वनी नव्हता, पण पाहणारा डोळा होता; दुसरीत वाहने, नकाशे व डॉक्टर आहेत, पण रुग्ण दिसत नाही. या दोहोंचा परस्परसंबंध हा प्रस्तुत नोंदीचा मुख्य विषय आहे.

पूर्वेतिहास : रुग्णांची निकडीनुसार प्रतवारी करण्याची कल्पना रणांगणावर जन्मास आली. नेपोलियनच्या सैन्यातील शस्त्रवैद्य दॉमिनिक झां लारे याने १७९० नंतरच्या दशकात जखमींना रणभूमीवरून त्वरित हलविणाऱ्या घोडागाड्यांची पथके उभारली आणि जखमीचा हुद्दा वा राष्ट्र न पाहता जखमेच्या गांभीर्याप्रमाणे उपचार करण्याचा दंडक घातला. तत्पूर्वी अधिकाऱ्यांना आधी व सामान्य शिपायांना मागाहून उपचार मिळत. १८४६ मध्ये ब्रिटिश नौदलातील शस्त्रवैद्य जॉन विल्सन याने या विचारात आणखी भर घातली : ज्यांना तत्काळ शस्त्रक्रियेने वाचविता येईल त्यांच्याकडे प्रथम वळावे, किरकोळ जखमा आणि उपायापलीकडे गेलेल्या जखमा या दोहोंना मागे ठेवावे. पुढे रूढ झालेली ‘ट्रायाज’ ही संज्ञा निवडणे, वेचणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून आलेली आहे. या दोन्ही विचारांत प्रतवारी करणारा वैद्य जखमीजवळ उभा होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

दूरध्वनी आणि प्रश्नावली : दूरध्वनीमुळे रुग्ण व निर्णय करणारा यांच्यात अंतर पडले. १९३५ मध्ये लंडनच्या विंपोल स्ट्रीट भागातील एका घराला आग लागून पाच स्त्रिया मृत्यू पावल्या. त्या वेळी अग्निशामक दलासाठी दूरध्वनी करणारा शेजारी दूरध्वनी केंद्राच्या रांगेतच अडकून राहिला होता. या घटनेनंतर ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ हा तातडीचा क्रमांक सुरू झाला. त्यावरील हाक आली की केंद्रात लाल दिवा लागे व भोंगा वाजे, त्यामुळे ती इतर हाकांच्या आधी घेतली जाई. म्हणजे येथे निकडीची पहिली निवड क्रमांकानेच केली. अमेरिकेत ९११ या क्रमांकावरील पहिली हाक फेब्रुवारी १९६८ मध्ये अलाबामा राज्यातील हेलीव्हिल येथे झाली.

अनेक हाका एकाच क्रमांकावर येऊ लागल्यावर त्यांच्यातील भेद करण्याचा प्रश्न उद्भवला. त्याची दोन उत्तरे पुढे आली. फ्रान्समध्ये १९६० च्या दशकापासून विकसित झालेल्या पद्धतीत हाक डॉक्टरपुढे ठेवतात आणि वाहन पाठवावे की केवळ सल्ला द्यावा याचा निर्णय तोच करतो. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटी येथील डॉ. जेफ क्लॉसन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस वेगळा मार्ग धरला. छातीत दुखणे, भाजणे, पडणे, बाळंतपण अशा तक्रारींनुसार त्यांनी कार्डे तयार केली. प्रत्येक कार्डावर विचारावयाचे नेमके प्रश्न, उत्तरांवरून ठरणारी निकडीची पायरी आणि वाहन पोहोचेपर्यंत द्यावयाच्या सूचना अशी मांडणी होती. त्यामुळे डॉक्टर नसलेला, परंतु प्रशिक्षित कर्मचारी हा निर्णय करू शकला. पुढे ही कार्डे संगणकावर आली व अनेक देशांत स्वीकारली गेली.

अशा प्रश्नावलीचा क्रम सहेतुक असतो. प्रथम ठिकाण व दूरध्वनी क्रमांक विचारतात. कारण संभाषण तुटले तरी वाहन पाठविता आले पाहिजे. त्यानंतर काय झाले, रुग्णाचे वय किती, तो शुद्धीवर आहे काय व त्याचा श्वास चालू आहे काय, हे प्रश्न येतात. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे नकारार्थी आल्यास पुढील चौकशी न करता वाहन रवाना करतात व छातीवर दाब देण्याची कृती दूरध्वनीवरूनच सांगू लागतात. यातही एक फसवी जागा आहे. हृदयक्रिया बंद पडल्यावर काही मिनिटे रुग्ण अधूनमधून आचके दिल्यासारखा श्वास घेतो; घाबरलेला नातेवाईक ‘श्वास चालू आहे’ असे प्रामाणिकपणे सांगतो. म्हणून श्वास आहे काय एवढेच न विचारता तो नेहमीसारखा आहे काय, हे विचारावे लागते. हाक देणारा आक्रोश करीत असेल, तर तोच प्रश्न त्याच शब्दांत, त्याच शांत स्वरात व कारण सांगून पुनःपुन्हा विचारणे उपयुक्त ठरते, असा अनुभव आहे. आवाजातील घबराट हे गांभीर्याचे माप नव्हे. निमूटपणे बोलणाऱ्याचा रुग्णही अत्यवस्थ असू शकतो. इंग्लंडमध्ये २०१७ साली हाकांचे चार वर्ग करण्यात आले, तेव्हा प्राणसंकट उघड नसलेल्या हाकांसाठी प्रश्न विचारण्यास मुद्दाम अधिक वेळ देण्यात आला. घाईने चुकीचे वाहन पाठविण्यापेक्षा थोडे थांबून योग्य वाहन पाठविणे हिताचे, हे त्यामागील तत्त्व होते.

जिल्ह्याची परिस्थिती : अहमदनगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा असून त्याचे क्षेत्रफळ १७,०४८ चौ. किमी. व लोकसंख्या ४५,४३,१५९ (२०११) आहे. त्यात चौदा तालुके आहेत. पश्चिमेस अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या रांगा असून कळसूबाई व हरिश्चंद्रगड ही उंच ठिकाणे तेथेच आहेत. उत्तरेस प्रवरा व गोदावरी यांच्या कालव्यांखालील ऊस पिकविणारा, साखर कारखान्यांचा सधन पट्टा आहे. दक्षिण व आग्नेय भागांतील पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड हे तालुके अवर्षणप्रवण आहेत. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण मध्यभागी असले, तरी अकोल्याच्या डोंगरातील वाडीपासून किंवा जामखेडच्या सीमेवरील गावापासून ते फार दूर पडते. पक्के रस्ते व दूरध्वनी गावोगावी पोहोचण्यापूर्वी रुग्णास झोळीत, बाजेवर किंवा बैलगाडीत घालून रस्त्यापर्यंत आणीत. वाट किती, गाडी कोणाची आणि पैसा किती, यांवरच रुग्णास केव्हा हलवावयाचे ते ठरे. निकड ठरविण्याचे निकष असे वैद्यकीय नसून आर्थिक व सामाजिक होते, आणि जातीचा अडसर त्यात होताच.

जामखेड प्रकल्प : डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये शिकलेले होते. १९६० च्या दशकात त्यांनी याच जिल्ह्यातील वडाळा (ता. नेवासे) येथील मिशन रुग्णालयात काम केले. रुग्णालयात येणारी बहुतेक दुखणी टाळता येण्याजोगी असतात व पुष्कळसे रुग्ण वेळ टळून गेल्यावरच येतात, हे त्यांच्या तेथे ध्यानात आले. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतल्यावर त्यांनी १९७० मध्ये जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला.

प्रारंभी प्रशिक्षित परिचारिका खेड्यात ठेवण्याचा प्रयत्न झाला. परंतु बाहेरून आलेल्या परिचारिका गावात रुळल्या नाहीत व गावानेही त्यांना आपले मानले नाही. त्यावर उपाय म्हणून गावानेच निवडलेल्या स्त्रीस आरोग्याचे शिक्षण देण्याची कल्पना पुढे आली. या ग्राम आरोग्य सेविकांपैकी बऱ्याच जणींना लिहितावाचता येत नव्हते आणि अनेकजणी दलित समाजातील होत्या. त्या नियमितपणे जामखेडला एकत्र येत, आठवडाभरात गावात पाहिलेले रुग्ण सांगत व त्यांवर चर्चा होई. गावातील सेविका, ठराविक दिवशी गावांना भेट देणारे फिरते पथक आणि जामखेडचे रुग्णालय अशी प्रकल्पाची त्रिस्तरीय रचना होती.

निकड-निर्धारणाच्या दृष्टीने या रचनेचा अर्थ असा की, प्रत्येक दुखण्याची प्रतवारी गावातच होऊ लागली. जे घरीच बरे करता येईल, जे पथक येईपर्यंत थांबू शकेल आणि जे या क्षणी रुग्णालयात हलविलेच पाहिजे, असे तीन वर्ग सेविकेस मनाशी करावे लागत. जुलाब झालेल्या मुलास मीठ-साखरेचे पाणी घरीच पाजता येते. पण त्याचे डोळे खोल गेले, ते मलूल पडले व पिण्यासही उठेनासे झाले, तर थांबता येत नाही. खोकला साधा की फुप्फुसदाहाचा, हे मुलाच्या श्वासाच्या गतीवरून व छाती आत ओढली जाते काय यावरून ओळखता येते. गर्भवतीच्या अंगावरील सूज, झटके, रक्तस्राव, आडवे मूल ही धोक्याची चिन्हे होत. यांतील कोणत्याही चिन्हासाठी यंत्र लागत नाही. पाहणे, मोजणे आणि बोलण्याचे धैर्य एवढेच लागते. यांपैकी तिसरी गोष्ट सर्वांत अवघड होती. सून किंवा लेक अडली असता ‘आत्ताच हलवा’ असे घरातील वडीलधाऱ्यांना सांगणारी स्त्री तथाकथित खालच्या जातीची असे, आणि तिचे ऐकावे हेच गावाला प्रथम शिकावे लागले. लारे याने रणांगणावर घातलेला हुद्दा न पाहण्याचा दंडक जामखेडच्या गावांत जातीच्या संदर्भात रुजवावा लागला.

प्रकल्पाच्या गावांतील अर्भक मृत्युमान १९७१ मध्ये दर हजारी १७६ होते. १९७६ पर्यंत ते ५२ पर्यंत खाली आल्याची प्रकल्पाची नोंद आहे. या घटीचे श्रेय केवळ वेळीच हलविलेल्या रुग्णांना देता येणार नाही. लसीकरण, पिण्याचे पाणी, सकस आहार, महिला मंडळे व शेतकरी मंडळे यांचाही त्यात वाटा होता. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जामखेडच्या कार्याचा समावेश झाला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास रामोन मागसायसाय पुरस्कार मिळाला. डॉ. मेबल आरोळे यांचे १९९९ मध्ये व डॉ. रजनीकांत आरोळे यांचे २०११ मध्ये निधन झाले. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात साधारणपणे दर हजार लोकवस्तीमागे एक ‘आशा’ कार्यकर्ती नेमण्याचे धोरण ठरले. गावातील स्त्रीच गावाची आरोग्य कार्यकर्ती असावी, हे त्यामागील सूत्र जामखेडने तीन दशके आधी आचरून दाखविले होते.

न्यायालयीन निर्णय व १०८ सेवा : हाकेला उत्तर मिळणे हा उपकार की हक्क, हा प्रश्न भारतात न्यायालयांपुढे आला. परमानंद कटारा खटल्यात (१९८९) सर्वोच्च न्यायालयाने, जखमीवर प्रथम उपचार करावेत, पोलिसी सोपस्कार मागाहून करावेत, असा निर्णय दिला. १९९२ मध्ये रेल्वेतून पडून डोक्यास मार लागलेल्या एका शेतमजुरास कलकत्त्यातील अनेक सरकारी रुग्णालयांनी जागा नाही म्हणून परत पाठविले होते. त्या प्रकरणी १९९६ मध्ये दिलेल्या निर्णयात न्यायालयाने, तातडीचे उपचार नाकारणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग होय, असे सांगितले. कोणत्या रुग्णालयात खाट मोकळी आहे हे कळावे यासाठी राज्य पातळीवर मध्यवर्ती संपर्क यंत्रणा असावी आणि रुग्णवाहिकांची योग्य तरतूद असावी, असेही त्यात सुचविले होते. रुग्णाला एका दारातून दुसऱ्या दारी न हिंडविता योग्य दारीच नेणे, हाही निकड-निर्धारणाचाच भाग आहे.

भारतात १०८ क्रमांकाची सेवा प्रथम आंध्र प्रदेशात ऑगस्ट २००५ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रात ती २०१४ मध्ये सुरू झाली. त्या वेळी राज्यासाठी ९३७ रुग्णवाहिकांची योजना होती. त्यांपैकी २३३ प्रगत जीवनरक्षक साधनांनी युक्त व ७०४ मूलभूत साधनांच्या होत्या. वाहनात डॉक्टर असणे हे राज्याच्या योजनेचे वैशिष्ट्य होते. नियंत्रण कक्ष पुण्यास औंध येथील उरो रुग्णालयाच्या आवारात उभारण्यात आला. शहरी भागात २० मिनिटांत व ग्रामीण भागात ३० मिनिटांत वाहन पोहोचावे, असे उद्दिष्ट ठेवण्यात आले. वाहनांचे दोन प्रकार असल्यामुळे केव्हा पाठवावयाचे याबरोबरच कोणते पाठवावयाचे, हा प्रश्नही प्रत्येक हाकेत निर्माण होतो. गर्भवती, प्रसूत माता व अर्भके यांच्या मोफत वाहतुकीसाठी १०२ हा वेगळा क्रमांक आहे. त्यामुळे काही निवड, लंडनच्या ९९९ प्रमाणेच, क्रमांकाच्या पातळीवर होऊन जाते.

मर्यादा : नियंत्रण कक्षातील कर्मचाऱ्यापुढील पहिली अडचण ठिकाणाची असते. जिल्ह्यात टाकळी नावाची गावे अनेक आहेत : पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वर, श्रीरामपूर तालुक्यात टाकळीभान, पाथर्डी तालुक्यात टाकळीमानूर, नगर तालुक्यात टाकळी काझी. घाबरलेला माणूस नुसते ‘टाकळी’ म्हणतो. कारण त्याच्या लेखी टाकळी एकच असते. म्हणून तालुका, जवळचा फाटा, मंदिर वा शाळा विचारावी लागते. वस्त्या गावठाणापासून दूर शेतात विखुरलेल्या असल्याने नकाशावर गाव सापडले, तरी घर सापडतेच असे नाही. डोंगराळ भागात दूरध्वनीची लहर मिळविण्यासाठी माणसास टेकडीवर जावे लागले, तर तो रुग्णाजवळ नसतो आणि श्वास कसा चालला आहे या प्रश्नाचे उत्तर त्यास देता येत नाही.

दुसरी अडचण लक्षणांच्या वर्णनाची आहे. मण्यारीच्या दंशाचे उदाहरण उद्बोधक आहे. हा साप बहुधा रात्री, जमिनीवर निजलेल्या माणसास चावतो. दंशाची खूण व वेदना जवळजवळ नसतात. पहाटे रुग्ण पोटात दुखते म्हणतो, पुढे पापण्या जड होतात, गिळता येईनासे होते आणि श्वासाचे स्नायू लुळे पडतात. ऊसतोडणीच्या हंगामात खोपीत राहणाऱ्या मजुरांस हा धोका अधिक असतो. ‘पोट दुखते’ एवढेच सांगितले गेल्यास ती हाक खालच्या पायरीवर जाण्याचा संभव असतो. ‘रात्री जमिनीवर निजला होता व आता डोळे उघडवत नाहीत’ एवढे सांगणारे कोणी असेल, तर ती तत्काळ वरच्या पायरीवर जाते. दोन्ही प्रसंगी नियंत्रण कक्षातील माणूस, प्रश्नावली व वाहन तीच असतात; फरक पडतो तो हाक देणाऱ्याच्या पाहण्यात.

तिसरी मर्यादा कालमापनाची होय. मातामृत्यूंच्या अभ्यासात सेरीन थॅडियस व डेबोरा मेन यांनी १९९४ मध्ये विलंबाचे तीन टप्पे मांडले : मदत घेण्याचा निर्णय करण्यातील विलंब, दवाखान्यापर्यंत पोहोचण्यातील विलंब आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातील विलंब. हाक आल्यापासून वाहन पोहोचेपर्यंतची मिनिटे नियंत्रण कक्ष मोजतो, म्हणजे दुसऱ्या टप्प्याचाच एक भाग त्याच्या नोंदीत येतो. हाक देण्यापूर्वी घरात गेलेले तास कोणत्याही नोंदीत येत नाहीत. रात्रभर झटके येत असलेल्या गर्भवतीसाठी पहाटे हाक गेली व वाहन २५ मिनिटांत पोहोचले, तर उद्दिष्ट गाठले गेले असे दिसते. प्रत्यक्षात बाई दगावण्याचे कारण त्या रात्रीत असते. जामखेडच्या सेविकेचे काम नेमके या पहिल्या टप्प्यातील होते.

यावरून असे दिसते की, निकड ठरविण्याचा निर्णय एकाच जागी होत नसून तो दोन टोकांना विभागलेला असतो. दूरच्या टोकास प्रशिक्षित कर्मचारी, डॉक्टर व वाहने असतात. जवळच्या टोकास रुग्ण प्रत्यक्ष पाहणारा माणूस असतो. महाराष्ट्रात दूरचे टोक २०१४ नंतर बळकट झाले. जवळचे टोक गावोगावच्या आशा कार्यकर्तीच्या रूपाने अस्तित्वात आहे. तथापि धोक्याची चिन्हे ओळखणे व ती नियंत्रण कक्षास नेमक्या शब्दांत सांगणे, ही दोन्ही कामे एकाच शिक्षणक्रमाची अंगे मानली गेल्यासच या दोन टोकांची सांगड पडू शकेल. अहमदनगर जिल्ह्याचा अनुभव हेच दर्शवितो की, अक्षरओळख नसलेल्या स्त्रियाही हे पाहणे शिकू शकतात, मात्र त्यांचे म्हणणे ऐकून घेण्याची तयारी पलीकडच्या टोकास असावी लागते.